मर्सेन मूळ संख्यांच्या शोधात नवे आहात? आधी एवढं करा

स्वागत! मर्सेन मूळ संख्या म्हणजे २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मिळणारी मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी. अशा संख्या आम्ही अनेक जण आपापल्या संगणकांवर मिळून शोधतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या मूळ ठरली, तेव्हा आम्ही नव्या शोधाची जवळपास सहा वर्षं वाट पाहत होतो. ४,१०,२४,३२० अंक! तो आनंद तुम्हालाही मिळो.

सुरुवातीला:

- प्राइम९५ (या शोधाचं गणित करणारं सॉफ्टवेअर) बसवल्यावर आधी त्यातली ताण-चाचणी रात्रभर चालवा. नवे लोक हमखास इथेच घाई करतात. मशीन तापलं किंवा ओव्हरक्लॉक केलेलं (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेलं) असलं, तर गणित चुकू शकतं आणि अनेक दिवसांची मेहनत वाया जाते. लॅपटॉप असेल तर जास्तच जपा.
- तपासायचा घातांक (२ चा कितवा घात ते) शोधाचं काम वाटून देणाऱ्या सर्व्हरकडूनच घ्या, घेतलेला पूर्ण करा.

‘मूळ नाही’ हा निकालही खरं काम आहे, हिरमुसू नका.