फोटोंची नावं बदलणारी स्क्रिप्ट फाइली का गिळते?

प्रश्न थोडक्यात असा: फोल्डरमधल्या फोटोंना काढल्याच्या तारखेवेळेनुसार नावं द्यायची होती. एलएसच्या (फाइलींची यादी देणारी कमांड) आउटपुटवर फॉर लूप, आत एमव्ही (फाइल हलवणारी, तिचं नाव बदलणारी कमांड). स्क्रिप्ट निमूट संपली आणि मोजल्या तर फाइली कमी.

एरर आली नाही, कारण एमव्हीच्या लेखी ही चूकच नाही. एकाच सेकंदात काढलेल्या दोन फोटोंचं नवं नाव एकच होतं आणि दुसरा पहिल्याच्या जागी बसतो. पायथनचं ओएस.रिनेम हे नाव बदलणारं फंक्शनही लिनक्सवर आणि मॅकवर असंच वागतं. विंडोजवर मात्र तेच फंक्शन फाइल आधीच असल्याची एरर देतं, त्यामुळे तिथे तपासलेली स्क्रिप्ट लिनक्सच्या सर्व्हरवर घात करते. एमव्हीला 'एन' पर्याय दिला तर फाइल वाचते, पण जुन्याच नावाने तशीच राहते आणि ते लक्षात येत नाही.

एलएसवर लूप चालवणं सोडूनच द्या. नावात स्पेस असली की शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) त्याचे दोन तुकडे करतं. लूप थेट तारांकित पॅटर्नवर (उदा. *.jpg) लावा, व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवा आणि एमव्हीनंतर दोन डॅश द्या, म्हणजे डॅशने सुरू होणारं नाव त्याला पर्याय वाटणार नाही.

पण या कामाला माझ्या मते पायथनच बरं, कारण आधी सगळी यादी बनवून मगच हात लावता येतो. पाथलिबच्या इटरडिरचा (फोल्डरमधल्या फाइली एकेक करून देणारं फंक्शन) निकाल सुरुवातीलाच लिस्टमध्ये भरा. तो चालू असताना नावं बदलत गेलात तर नवं नाव पुन्हा हाती लागू शकतं. मग जुनं नाव आणि नवं नाव अशा जोड्या करा. नवी नावं केसफोल्ड करून (लहान-मोठ्या अक्षरांचा फरक काढून) काउंटरमध्ये (कोणतं नाव किती वेळा आलं ते मोजणारं साधन) घाला, कारण विंडोज आणि मॅक सहसा लहान-मोठी अक्षरं एकच धरतात. एकाहून जास्त वेळा आलेल्या नावाला तीन अंकी क्रमांक जोडा, ००१ पासून. नुसता १, २ लावला तर साध्या क्रमवारीत १० हा २ च्या आधी येतो. नवं नाव फोल्डरमधल्या एखाद्या जुन्या फाइलचं तर नाही ना, हेही इथेच पाहा.

स्क्रिप्टने एरवी फक्त जोड्या छापाव्यात. खरा बदल वेगळा फ्लॅग (स्क्रिप्ट चालवताना द्यायचा पर्याय) दिल्यावरच. बदलापूर्वी पूर्ण यादी सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) लिहून ठेवा, म्हणजे तीच उलट्या क्रमाने वाचून सगळं पूर्ववत करता येतं. ती एक्सेलमध्ये उघडणार असाल तर एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, नाहीतर देवनागरीचा चुराडा दिसतो.

तारीख कुठून घेता हेही तपासा. फाइलची मॉडिफाइड वेळ कॉपी करताना बदलू शकते. फोटो काढल्याची वेळ एक्सिफमधल्या (फोटोच्या फाइलमध्येच साठवलेली माहिती) ३६८६७ क्रमांकाच्या टॅगमध्ये असते. पिलो या पायथनच्या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीत गेटएक्सिफवर हा क्रमांक थेट मागितला तर सहसा काहीच मिळत नाही, कारण टॅग आतल्या उपविभागात असतो; आधी गेट-आयएफडीला ३४६६५ द्या आणि त्यात शोधा. वरच्या पातळीवर सापडणारा ३०६ वापरायचा मोह टाळा, फोटो एडिट केला की तो बदलू शकतो. मिळालेल्या मजकुरात तारखेचे भागही कोलनने जोडलेले असतात आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही, म्हणून स्ट्रपीटाइमने (मजकुरातून तारीख-वेळ ओळखणारं फंक्शन) वाचून डॅश घालून पुन्हा लिहा. काही फोटोंत तिथे नुसती शून्यं असतात. त्यावर व्हॅल्यू एरर येईल. ती पकडा आणि त्या फाइलला हात लावू नका.

जाता जाता: मराठी नावं दुसऱ्या यादीशी जुळवणार असाल तर 'दुसऱ्या'मधला ऱ एका कोडपॉइंटचाही (युनिकोडमधला चिन्हाचा क्रमांक) असतो आणि र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असाही. दोन्ही बाजू युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइझमधून एनएफसीत (युनिकोडच्या एका ठरावीक रूपात) आणा. काही कीबोर्ड मात्र तिथे साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) टाकतात. त्याला एनएफसी हात लावत नाही, ते रिप्लेसनेच बदलावं लागतं.