मालुकू बेटांवर एकटीने जाणं सुरक्षित आहे का, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 29, पुण्यात नोकरी, जानेवारीत तीन आठवडे रजा. इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवर एकटीने जायचंय. अंबोन, बांदा आणि जमलं तर केई. माहिती फारशी मिळत नाही, आई नको म्हणतेय, मग सुरक्षित आहे की नाही हे ठरवायचं कशावरून?

मी 2023 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे चार आठवडे होते. एकटीच. वय तेव्हा 44, माहेर मालवणचं, त्यामुळे समुद्राची भीती आणि समुद्राचा गर्व दोन्ही घरातून मिळालेले. (घरी सांगितलं "बांद्याला चाललेय" तर मावशी म्हणाली, सावंतवाडीच्या पुढे आहे ते, त्यासाठी पासपोर्ट कशाला?)

आधी माणसांबद्दल, कारण आईची भीती बहुधा तीच असणार. तुम्ही "मालुकू" शोधलंत की 1999 ते 2002 ची ख्रिस्ती-मुस्लिम दंगल वर येते. ती खरी होती आणि भयंकर होती. अंबोन शहर दोन भागांत वाटलं गेलं, हजारो माणसं मेली. फेब्रुवारी 2002 मध्ये मालिनो या गावी शांतता करार झाला. आज शहरात फिरताना ते सहज जाणवत नाही, पण वस्त्या अजून बऱ्याच वेगवेगळ्या आहेत. तिथे "पेला" नावाची जुनी पद्धत आहे: दोन गावांनी शपथ घेऊन भाऊबंद व्हायचं, एक गाव मुस्लिम आणि दुसरं ख्रिस्ती असलं तरी. एकाची मशीद बांधायला दुसऱ्याने हात लावायचा. दंगलीनंतर लोकांनी याच नात्याला पुन्हा धरलं. भांडणं अजूनही होतात, पण ती गावागावांतली, जमिनीवरून. जानेवारी 2022 मध्ये हारुकू बेटावर असंच भांडण पेटून एका गावातली घरं जळाली. पर्यटक त्यात लक्ष्य नसतो, पण रस्ता बंद होतो आणि वातावरण तापतं. म्हणून तिथली बातमी तिथल्या भाषेत शोधा. गावाचं किंवा बेटाचं नाव टाका आणि पुढे "बेन्त्रोक" हा शब्द रोमन लिपीत, स्पेलिंग भाषांतराच्या ॲपमधून घेऊन. त्याचा अर्थ चकमक. इंग्रजीत शोधलंत तर वीस वर्षांपूर्वीचं सापडेल, या भाषेत गेल्या आठवड्यातलं.

परराष्ट्र खात्यांच्या सूचना वाचतानाही जिल्ह्याचं नाव बघा. मालुकूच्या पूर्वेला पापुआ आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या डोंगराळ भागात न्यूझीलंडच्या एका वैमानिकाला बंडखोरांनी पकडलं आणि तो सुटला थेट सप्टेंबर 2024 मध्ये. ते ठिकाण आणि बांदा यांच्यामध्ये शेकडो किलोमीटरचा समुद्र आहे. "पूर्व इंडोनेशिया धोक्याचा" असं म्हणणं म्हणजे गडचिरोलीतली बातमी वाचून वेंगुर्ल्याचं बुकिंग रद्द करणं.

बाई म्हणून म्हणाल तर मला त्रास झाला तो फोटोंचा. पोरं "मिस्टर! मिस्टर!" ओरडत मागे येतात, बाईलासुद्धा मिस्टरच. बांदा मुस्लिमबहुल आहे. गुडघे-खांदे झाकलेले कपडे घातले आणि अंधार पडल्यावर धक्क्यावर रेंगाळले नाही, एवढं पुरलं. सोपी नावाची ताडाची दारू तरुण पोरं पितात, त्या घोळक्यापासून लांब राहायचं, हे आपल्या गावातही करतोच. जिच्याकडे राहत होते त्या बाईंना सगळे "चाचा" म्हणत. अंबोनकडच्या मुस्लिम घरांत मोठ्या बहिणीला चाचा म्हणतात, हे कळेपर्यंत मी दोन दिवस घरातला काका शोधत होते. या चाचाला मी रोज सकाळी सांगायचे, आज कुठे जातेय आणि कधी येणार. लहान बेटावर एवढं केलंत की संध्याकाळी तुम्ही कुठे आहात हे अर्ध्या गावाला माहीत असतं. पुण्यातल्या सोसायटीत हे नशीब नाही.

आता खरा धोका. तो म्हणजे समुद्र, आणि समुद्रापलीकडचा डॉक्टर.

अंबोनहून बांदा नेइरा (बांदा बेटांतलं मुख्य बेट आणि गाव) सुमारे 200 किलोमीटर. अंबोनच्या तुलेहू बंदरातून जलद बोट पाच-सहा तासांत नेते, पण ती हंगामी. सरकारी मोठं जहाज रात्रभराचं, रोज नसतं. आपल्याकडे जानेवारीत समुद्र तळ्यासारखा असतो, म्हणून तुम्ही रजा तेव्हा काढली असणार. तिथे उलटं आहे. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत पश्चिमेचे वारे, जून ते ऑगस्ट पूर्वेचे वारे, आणि मधल्या दोन फटींत समुद्र शांत: मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. त्या फटीला ते "पंचारोबा" म्हणतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालत नाहीत ना, तशीच ही समज. फरक इतकाच की तिथे वर्षात दोनदा दार बंद होतं.

अंदाजावर सोडू नका. तिथलं हवामान खातं, बीएमकेजी, प्रत्येक समुद्रासाठी लाटांचा अंदाज मीटरमध्ये देतं आणि सोबत इशारा: मासेमारीच्या होडीला 15 नॉटच्या (नॉट म्हणजे समुद्रावर वेग मोजायचं माप) वर वारा आणि 1.25 मीटरच्या वर लाट धोक्याची, फेरीबोटीला 21 नॉट आणि अडीच मीटर. हे आकडे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते. बांद्याहून आय, रुन, हत्ता या बेटांवर जाणारी होडी पहिल्या प्रकारात मोडते, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. मोठ्या बोटी सोडायच्या की नाही ते बंदराचा अधिकारी, "शाहबंदर", ठरवतो. त्याने बोट रोखली तर ती चांगली बातमी समजायची. छोट्या होड्यांना बहुतेक वेळा तुमच्याशिवाय रोखणारं कुणी नसतं.

इथे मला एक प्रसंग सांगायचाय. रुनला जायचं होतं. हेच ते बेट, ज्यावरचा हक्क इंग्रजांनी 1667 च्या ब्रेडा तहात डचांना सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. दुसऱ्या बेटांच्या होड्या सकाळी नेइराच्या बाजारात येतात आणि दुपारी परततात. दुपारी वारा चढतो. त्या दिवशी सिमेंटच्या गोण्या उशिरा आल्या, निघायला अडीच वाजले. मी आत बसले होते. गोण्या, दोन गॅस सिलिंडर, कोंबड्या, शाळेची पोरं. होडीचा काठ पाण्यापासून वीतभर. लाइफ जॅकेटं होती, छपराला सुतळीने आवळून बांधलेली, मूळ प्लास्टिकच्या पिशवीतच. तांडेलाने मोबाइल काढला, एका पिशवीत घातला, गाठ मारली, मग दुसऱ्या पिशवीत घातला, गाठ मारली आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून झाकण दाबलं. सगळं शांतपणे, रोजच्यासारखं. मी विचारलं, लाटा आहेत का? "तिडाक आपा-आपा." म्हणजे काही नाही हो, चालतंय. पण त्या डब्याने मला उत्तर दिलं होतं. मी पिशवी उचलली आणि उतरले. पोरं हसली.

होडी रुनला सुखरूप पोचली. दुसऱ्या दिवशी तोच तांडेल बाजारात भेटला आणि त्याने मला हात केला.

तरी मी पुन्हा तेच करेन. "स्थानिक जातात ना, मग आपण जावं" हा सल्ला सगळीकडे दिला जातो, तो अर्धाच बरोबर आहे. स्थानिक माणूस जात नसेल तर तुम्ही नक्की जाऊ नका. पण तो जातोय म्हणून तुम्ही जावं असं नाही. त्याला तो प्रवाह पाठ आहे, तो पोहतो, तो पोचला नाही तर शोधायला पाच भाऊ होड्या काढतात. आणि त्याचं घर पलीकडे आहे, तुमचं नाही. शिवाय "धोका आहे का?" हा प्रश्न विचारूच नका. पाहुण्याला कोण नाराज करणार? मी नंतर विचारायला लागले, "मागच्या वेळी होडी कधी गेली नव्हती? का?" यावर शिष्टाचाराने उत्तर देता येत नाही, माणूस आठवायला लागतो. तिघांना वेगवेगळं विचारलं की चित्र उभं राहतं.

दुसरी गोष्ट दवाखान्याची. तिसऱ्या आठवड्यात प्रवाळावर पाय खरचटला, बोटभर जखम. दोन दिवसांत घोटा टोमॅटोसारखा. नेइरात छोटं रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टर मुलीने जखम नीट धुतली, गोळ्या दिल्या, निभावलं. पण त्या रात्री मी हिशेब केला: हेच रुनवर झालं असतं तर आधी होडी, मग नेइरा, मग पुढची बोट मिळेल तेव्हा अंबोन, आणि मोठी शस्त्रक्रिया असेल तर विमानाने मकास्सर किंवा जकार्ता. पुण्यात जे अर्ध्या तासाचं काम, ते तिथे तीन दिवसांचं. म्हणून कुठलीही गोष्ट करताना स्वतःला विचारायचं की हे चुकलं तर डॉक्टर किती दिवसांवर आहे. मी स्कूटर चालवली नाही ती याच कारणाने, आणि परवाना वैध नसेल तर विमा कंपनी हात वर करते म्हणूनही. विमा घेताना रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय का, ते शब्दशः वाचा. या पट्ट्यात मलेरिया आहे, तेव्हा निघण्याआधी गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नको. परत आल्यावर दोन महिन्यांनी ताप आला तरी कुठे गेला होतात ते सांगा.

भूकंप आणि ज्वालामुखी यांचं मी फार मनावर घेतलं नाही, पण डोळेझाकही केली नाही. नेइरासमोरच गुनुंग आपी उभा आहे, साडेसहाशे मीटरचा, शेवटचा फुटला 1988 मध्ये. चढायचा असेल तर त्याचा इशारा-स्तर आधी बघा, एक ते चार असे असतात. अंबोनला सप्टेंबर 2019 मध्ये 6.5 चा भूकंप झाला होता. नेइरात पहिल्याच संध्याकाळी मी राहत्या घरापासून टेकडीवरच्या बेल्जिका किल्ल्यापर्यंत चालत गेले आणि घड्याळ लावलं: अकरा मिनिटं. जोराचा किंवा लांबलेला हादरा बसला की भोंग्याची वाट न बघता तिकडे पळायचं. तिथे धोक्याला "बहाया" म्हणतात, संस्कृत "भय" वरून आलेला शब्द. पाटीवर दिसला की वाचायला सोपा.

आता तुमच्या बेताबद्दल. मला खटकतंय ते तीन आठवड्यांत तीन ठिकाणं बसवणं. मी परतताना जलद बोट दोन दिवस रद्द झाली, जहाज उशिरा आलं, अंबोनचं विमान चुकलं, नवीन तिकिटाला बरेच पैसे गेले. माझ्याबरोबर अडकलेल्या एका परदेशी जोडप्याचं पुढचं विमान त्याहून महागडं होतं. ते पैसे देऊन एका मासेमारीच्या होडीने 200 किलोमीटर जायला तयार झाले होते! त्यांना समुद्र कळत नव्हता असं नाही. पण तिकीट खिशात होतं. सुदैवाने होडीवाल्यानेच नकार दिला. तिथे चुकीच्या होडीत माणूस चढतो तो धाडसापोटी नव्हे, परतीच्या तारखेपोटी. व्हिसाचंही तसंच: विमानतळावर मिळणारा व्हिसा 30 दिवसांचा, एकदा वाढवता येतो, आणि मुदतीबाहेर राहिलात तर रोज 10 लाख रुपिया दंड. कुणी घाईत पडावं यासाठी हे पुरेसं आहे.

तेव्हा केई सोडा. अंबोन आणि बांदा एवढंच ठेवा आणि परतीच्या विमानाआधी अंबोनमध्ये पाच दिवस मोकळे ठेवा. वाया जात नाहीत, शहराजवळ पोहायला जागा आहेत. रोख रक्कमही त्या पाच दिवसांची वेगळी बांधून ठेवा.

आईला एक कागद द्या. त्यावर जिथे राहणार तिथला फोन, बोटींची नावं, तिथल्या शोध-बचाव पथकाचा पूर्ण नंबर (115 हा छोटा नंबर त्या देशातूनच लागतो, तो तुमच्यासाठी), आणि मोठ्या अक्षरात: "तीन दिवस फोन आला नाही तर रेंज नाही असं समजायचं, चौथ्या दिवशी या नंबरांवर फोन करायचा." माझ्या आईचा विरोध वादाने नाही, या कागदाने मावळला. म्हणजे पूर्ण नाही, पण तिने लाडू दिले.

आणि जानेवारीचं तिकीट काढलं असेल तर बदलायला किती पडतात ते आजच बघा. मार्चअखेर मिळाली तर रजा तेव्हा घ्या.