मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लेन्स बसवली, वर्षभराने पुन्हा धूसर का दिसतं?

तुम्ही लिहिलंय की आईंना ऑपरेशननंतर वर्षभर लख्ख दिसत होतं आणि आता हळूहळू धुरकट झालंय. मोतीबिंदू परत आला, असं समजून घाबरू नका. तो परत येत नाही.

ऑपरेशनमध्ये डोळ्यातली गढूळ झालेली लेन्स काढतात, पण तिच्याभोवतीची पातळ पिशवी तशीच ठेवतात आणि कृत्रिम लेन्स तिच्यातच बसवतात. मागे राहिलेल्या काही पेशी वाढून या पिशवीच्या मागच्या पडद्यावर पसरतात. मग वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं दिसतं, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाकतात. बहुतेक वेळा कारण हेच निघतं. त्यावर याग लेसर करतात: थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि लेसरने पडद्यात मधोमध छोटं छिद्र पाडायचं. टाके नाहीत, चिरा नाही, काही मिनिटांचं काम. साधारणपणे एक-दोन दिवसांत फरक जाणवतो.

मात्र आधी डोळा नीट तपासून घ्या. चष्म्याचा नंबर बदलणं, डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्याच्या म्हणजे रेटिनाच्या मध्यभागी सूज येणं (मधुमेह असेल तर जास्तच), काचबिंदू, यांनीही नजर मंदावते.

आणि हे कळकळीने सांगते: अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले, नजरेत एका बाजूने सावली सरकू लागली, किंवा डोळा लाल होऊन ठणकू लागला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेटिनाचा पडदा सुटला असेल तर तासांनी फरक पडतो.