बायोचार टाकायच्या आधी शिसं-कॅडमियमची तपासणी करून घ्या

दादा, भाजीत शिसं निघालंय तर रानात बायोचार (काडीकचरा कमी हवेत जाळून केलेला कोळसा) टाकू का, ही तुमची पोस्ट वाचली अन् आमचंच वावर डोळ्यापुढं आलं. नाल्याच्या पाण्यावर पालक-मेथी, शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडायचा धंदा, भाजीत शिसं निघालं, तरी सॉइल हेल्थ कार्ड म्हणतंय जमीन चांगली.

त्या कार्डात 12 गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू (पीएच), ईसी (क्षारांचं प्रमाण) अन् सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, क्रोमियम असे जड धातू त्यात नाहीतच. आम्ही एका ऑफिसात अर्जावर लिहून दिलं होतं की जड धातू बघा, त्यांनी नेहमीचाच रिपोर्ट छापून हातात दिला आणि वर "जमीन एक नंबर आहे, बिनधास्त भाजी लावा". पुन्हा गेलो तर म्हणे त्याचं मशीनच नाही. मग नमुना घेतानाच सांगायला काय जात होतं? त्या कागदाच्या भरवशावर भाजी बाजारात जात राहिली, घरातली लेकरं तीच खात होती, हा राग अजून जात नाही.

म्हणून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबला धातूंची नावं लिहून द्या, एकूण किती आणि डीटीपीएत (पिकाला मिळणारा वाटा मोजायचं रसायन) निघणारं किती असं दोन्ही मागा, भाजीचा नमुना वेगळा. बायोचारनं एकूण आकडा हलत नाही, धातू रानातच राहतो, मुळाला मिळणारा वाटा तेवढा कमी होतो. अन् नाल्याचं पाणी चालूच ठेवणार असाल तर सगळी मेहनत वाया.

मी शास्त्रज्ञ नाही, पण एक गोष्ट ठाम सांगतो, बायोचारच्या व्हिडिओत दाखवलेले मोठमोठे फरक बहुतेक आंबट (कमी सामूच्या) जमिनीतले असतात. तिथं बायोचार सामू वाढवतो म्हणून शिसं-कॅडमियम बांधलं जातं. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीचा सामू आधीच 8 च्या आसपास, तिथं तो फायदा फारसा मिळत नाही, कोळसा स्वतःच्या अंगावर धरून ठेवेल तेवढंच. आर्सेनिक निघालं तर जपून, सामू वाढला की ते उलट मोकळं होतं.

आणि हिशोब करा. गुंठ्याचा वरचा 15 सेंमी थर म्हणजे साधारण 20 टन माती, 2 टक्के धरले तरी 400 किलो कोळसा, त्याला दीड-दोन टन वाळलेल्या पऱ्हाट्या (कापसाच्या काड्या) लागतात. एकराचं स्वप्न आत्ताच नको, एका गुंठ्यावर बघा. खड्ड्यात पऱ्हाट्या वरून पेटवायच्या, निखाऱ्यावर पांढरी राख धरायला लागली की लगेच पुढचा थर, शेवटी भरपूर पाणी मारून पूर्ण विझवायचं, धुमसत सोडलं तर सकाळी राखच मिळते. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड अजिबात नको, त्यातलेच धातू रानात जातात. कोळसा शेणकाल्यात मुरवूनच टाका, कोरडा टाकला तर सुरुवातीला नत्र ओढतो अन् पीक पिवळं पडतं.

माझं मत विचाराल तर त्या तुकड्यात पालेभाजी नकोच. पालेभाजीत धातू जास्त उतरतो, वर पानावर धूळ बसते ती वेगळी. भेंडी, गवार त्या मानानं बरी, सगळ्यात बरं म्हणजे कापूस. रिपोर्ट येईपर्यंत तो पालक लेकरांना देऊ नका अन् बाजारातही नेऊ नका.