राखेला पुन्हा पेटवायचं तर…

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. विजेच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडपासून सिनगॅस (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचं मिश्रण) बनवतात, असं वाचलं. फुकटच्या धुरातून इंधन, म्हणजे उद्या याच क्षेत्राला भाव. त्याने केमिकल इंजिनिअरिंगच करायचं, असं आम्ही ठरवलं आहे. पण रसायनशास्त्रात ५८ टक्के, आणि दिवसभर जुने चार्जर खोलून बसतो. त्याला समजवा. – एक पालक

उत्तर : तुमचं दोन पानी पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'आम्ही ठरवलं' चार वेळा आलंय, मुलाचं म्हणणं एकदाही नाही. ५८ टक्क्यांचं मला काही वाटत नाही, ते वाढतील. 'तुला काय वाटतं रे?' असं त्याला शेवटचं कधी विचारलंत? मला कळवू नका, तुम्हीच आठवून बघा.

आता तो 'फुकटचा धूर'. कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून उरलेली राख. जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली, तेवढी परत ओतावी लागते, वर नासाडीची भर वेगळी. कागदावर, त्यापासून कार्बन मोनॉक्साइड बनवायला १.३३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्ष सेल, म्हणजे ही क्रिया घडवणारं उपकरण, अनेकदा त्याच्या दुपटीच्या आसपास मागतो. ती वीज कोळशाची असेल तर धूर घटण्याऐवजी वाढेल. चांदीच्या इलेक्ट्रोडवर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, सोबत पाण्यातून हायड्रोजन सुटतो. ज्यांना नुसता कार्बन मोनॉक्साइड हवा, त्या संशोधकांना हा हायड्रोजन नकोसा असतो. सिनगॅसवाल्यांना मात्र तो हवाच, त्यातून मिथेनॉल बनवायचं तर साधारण दोन भाग हायड्रोजनला एक भाग कार्बन मोनॉक्साइड या प्रमाणात. खरी डोकेदुखी वेगळीच. इलेक्ट्रोडच्या बारीक छिद्रांत कार्बोनेटचं पांढरं मीठ धरतं, वायूची वाट बुजते. मग सेल खोला, धुवा, बांधा, गळती तपासा. गळणारा कार्बन मोनॉक्साइड विषारी आणि बिनवासाचा, त्यामुळे हात आणि डोकं दोन्ही जागेवर लागतं.

आणि खोलून बसणाऱ्या मुलाचीच तुम्ही तक्रार करताय!

मला तो इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रिकलकडचा वाटतो. प्रवेश परीक्षा किंवा आधी डिप्लोमा, वाटा नेहमीच्याच. सिनगॅसकडे तिथूनही जाता येतं, जायचंच असेल तर.

त्याला समजवायचं काम मी घेत नाही. पुढचं पत्र त्याला लिहू द्या, आणि ते न वाचता पाठवा. शेवटचा चार्जर कुठला खोलला, आत काय जळालेलं सापडलं, एवढंच लिहिलं तरी चालेल.