क्यूचा शाफ्ट केळ्यासारखा का वाकला?

प्रश्न : माझ्याकडे लोखंडकामाचा छोटा लेथ आहे. मित्राच्या पूल पार्लरसाठी क्यूचा, म्हणजे पूल खेळायच्या काठीचा, शाफ्ट (पुढचा निमुळता भाग) करायला घेतला. मेपलचा एक इंची चौरस तुकडा मागवला, टेलस्टॉक (दांड्याचं दुसरं टोक धरणारा लेथचा भाग) बाजूला सरकवून एका दुपारीच टेपर, म्हणजे निमुळता उतार, उतरवला. मधे जाड राहिला, अंगावर लाटा उठल्या आणि आठवड्यात चक्क केळं झालं. लाकूडच खराब आलं का? मेपलऐवजी सागवान चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लाकडाला बोल लावू नका, घाई तुमची झाली. माझीही झाली होती. उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये पहिला शाफ्ट मी असाच एका बैठकीत काढला. संध्याकाळी काचेवर लोळवला तेव्हा सरळ, सकाळी लोळवला तर मधून उजेड दिसतोय! तो अजून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडद्याची दांडी म्हणून आहे. आमच्या मंडळींच्या मते माझं सगळ्यात उपयोगी काम तेच.

लाकडाच्या पोटात ताण असतो. बाहेरचा थर काढला की आतलं लाकूड हवं तिकडे अंग टाकतं. ते टाकू द्यायचं. एक इंची गोल दांडा करून दोन्ही टोकांना मेण लावा आणि उभा टांगून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी अर्धा-पाऊण मिलिमीटर काढा, पुन्हा टांगा. असे सात-आठ कट. मधल्या काळात जो वाक येतो तो पुढच्या कटात निघून जातो, कारण अंगावर माल शिल्लक असतो. तुम्ही मालच शिल्लक ठेवला नाहीत. सहाव्या कटानंतरही जो वाकतच राहील, तो फेकायचा. ताप देऊन सरळ केलेला शाफ्ट पावसाळ्यात पुन्हा मूळपदावर येतो.

कापण्याआधी तुकड्याच्या रंधलेल्या बाजूवर फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब टाका. शाई लाकडाच्या रेषेबरोबर पळते. ती तुकड्याच्या कडेशी समांतर गेली तर ठीक, तिरकी निघाली तर तो तुकडा लाटण्याला द्या.

आता लाटा आणि जाड मध्य. २९ इंची बारीक दांडा टूलच्या, म्हणजे कापणाऱ्या हत्याराच्या, दाबाने मधे मागे सरतो, म्हणून तिथे कमी कापलं जातं, आणि थरथरतो म्हणून लाटा. कितीही धार लावा, हे होणारच. टूलच काढून टाका. सुतार सनमायका कापायला वापरतात तो ट्रिमर टूल पोस्टच्या (टूल धरणाऱ्या भागाच्या) जागी बसवा, कार्बाइडचा बिट लावा. ट्रिमर जोरात फिरतो, दांडा मात्र सावकाश फिरवायचा. दाब जवळजवळ पडत नाही.

टेलस्टॉकचं तुमचं गणित चुकलं नसेल. मागच्या भागाशी जोड असतो तिकडे २१ आणि टोकाला १३ मिलिमीटर, फरक ८, म्हणून सरक निम्मी, ४. पण त्याने निघतो सरळ शंकू. पूलच्या बऱ्याच शाफ्टमध्ये टोकापासून दहा-बारा इंच जाडी जवळपास सारखीच असते, मग वाढते. खेळणारा बोटांच्या कडीतून क्यू पुढे सारतो. सरळ शंकू असेल तर तो दर फटक्याला कडीत घट्ट होत जातो. त्यासाठी लेथच्या बेडला (खालच्या पायाला) समांतर, हव्या त्या आकाराचा लांब फर्मा लावा, क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर नेणाऱ्या भागाचा) स्क्रू सोडवा आणि स्प्रिंगने तिला फर्म्याला टेकवून चालवा. फर्मा एकदाच नीट घासायचा, पुढे तो कायमचा.

सागवानाचा मोह आवरा. मेपल बारीक पोताचा आणि टणक असतो, बोटावरून गुळगुळीत जातो. सागाची छिद्रं मोठी, टणकपणा कमी, शिवाय अंगचं तेल. फेरूल (शाफ्टच्या टोकावरची टोपी) चिकटवायची तर आधी अॅसिटोनने पुसत बसा. बटला, म्हणजे मागच्या जाड भागाला, हवं तर वापरा.

आणि शेवटचा कट जुलैत मारू नका. तेव्हा लाकूड फुगलेलं असतं. उन्हाळ्यात ते आकसलं की फेरूलची कड बोटाला लागते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मारा.