नमुना नाणे की चाचणी नाणे?

कोल्हापूरच्या एका नाणे-संग्राहकांचा प्रश्न: नवा स्वतंत्र देश पहिलं चलन ठरवताना जी नाणी पाडून पाहतो, पण व्यवहारात आणत नाही, त्यांना मराठीत काय म्हणावं? इंग्रजीत 'पॅटर्न' आणि 'ट्रायल' आहेत. गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, दोन्हींना 'सॅम्पल' म्हटलेलं त्यांनी ऐकलंय.

दोन्हींना एकच शब्द लावू नये. मंजुरीसाठी पुढे ठेवलेलं ते 'नमुना नाणे'. ठसा नीट उमटतो का, धातू दाब कसा घेतो, हे टांकसाळीत बघण्यासाठी पाडलेलं ते 'चाचणी नाणे'. पहिल्यात चित्राची परीक्षा, दुसऱ्यात ठशाची.

आयर्लंडचं उदाहरण बघा. १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेट हे स्वायत्त राज्य झालं, १९२६ मध्ये कवी यीट्स यांच्या अध्यक्षतेखाली नाण्यांची समिती बसली. नाण्यांवरचा ब्रिटिश राजाचा चेहरा गेला. एका बाजूला हार्प हे तंतुवाद्य, दुसरीकडे घोडा, साल्मन मासा, बैल, पिल्लांसह कोंबडी. निरनिराळ्या देशांतल्या शिल्पकारांतून इंग्लंडचे पर्सी मेटकाफ निवडले गेले आणि १९२८ मध्ये नाणी चलनात आली. इटलीच्या पुब्लिओ मोर्बिदुच्ची यांची चित्रं नाकारली गेली, पण त्यांची मोजकी नाणी पाडली गेली. ती खरी नमुना नाणी. मला तर नाकारलेली नाणीच जास्त मोलाची वाटतात, कारण देशापुढे आणखी काय होतं ते त्यांच्यातूनच कळतं.

आपल्याकडे प्रजासत्ताकाची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० ला आली. राजाच्या जागी सारनाथचे सिंह, रुपयावर वाघाऐवजी धान्याची कणसं. नोटांसाठी आधी गांधीजींच्या छबीचे आराखडे झाले होते, पण निवड सिंहांचीच झाली. जे कागदावरच राहिलं त्याला 'आराखडा'च म्हणावं. 'नमुना' हा शब्द प्रत्यक्ष पाडलेल्या नाण्यासाठी राखावा.

आणखी एक घोळ टाळा. कोल्हापुरात सापडलेल्या प्राचीन 'कुर' राजांच्या काही नाण्यांवर आधीच्या राजाच्या छापावरच पुढच्याचा छाप मारलेला दिसतो. दोन छाप दिसले म्हणून ती चाचणीची ठरत नाहीत. ती व्यवहारातलीच, 'पुनर्मुद्रांकित' नाणी.

तुमच्या वहीत नोंद अशी करा: 'आयर्लंड, शिलिंग, १९२७, मोर्बिदुच्ची, नमुना नाणे'.